आधी शहानिशा, मग पथ्य

रमजानचे शेवटचे दहा दिवस सुरू झाले की सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या जळकोट, नळदुर्ग, उमरगा या गावांच्या बाजारांना वेगळीच कळा येते. इफ्तार आणि तरावीह आटोपून लोक खरेदीला निघतात. मेंदीचे कोन, अत्तराच्या कुप्या, सुरमा, काचेच्या बांगड्या, सोन्याचं पाणी दिलेले झुमके, केसांना आणि दाढीला लावायच्या कलपाची पाकिटं. दुकानदार कोणत्या धर्माचा आणि गिऱ्हाईक कोणत्या धर्माचं, हे अशा गर्दीत कुणी पाहत नाही. ईद संपते न संपते तोच लग्नसराई लागते आणि हाच माल दुसऱ्या घरांत जातो.

ईदचा शिरखुर्मा संपून दोन-चार दिवस होतात आणि काही घरांत कुरबुर सुरू होते. मुलीच्या हातावरची मेंदी उतरायला हवी, तर तीच नक्षी लाल होऊन फुगून वर येते, तिच्यात पाणी धरतं. कुणी चाँदरातीला दाढीला कलप लावलेला असतो, त्याच्या पापण्या इतक्या सुजतात की डोळे उघडत नाहीत. कुणाच्या कानाच्या पाळीतून पाणी येऊ लागतं. मग घरात निवाडे सुरू होतात. मटण जास्त झालं. शिरखुर्म्यातला सुकामेवा उष्ण पडला. रोज्यात पोट रिकामं राहिलं म्हणून पित्त वाढलं. नजर लागली. शेजारच्या हिंदू घरात लग्नानंतर असंच काही झालं तर तिथेही निवाडा तयार असतो. वांगं बंद करा, अंडी बंद करा, आंबट बंद करा. वर्षानुवर्षं पथ्य चालतं, खाज मात्र जिथल्या तिथे.

रमजानमध्ये मशिदीत सांगितलं जातं की रोजा केवळ पोटाचा नसतो. जिभेचा असतो, नजरेचा असतो, मनाचाही असतो. चुगली, निंदा आणि बदगुमानी, म्हणजे पुरावा नसताना एखाद्याबद्दल वाईट धरून चालणं, यांपासून दूर राहणं हाही रोजाच. कुरआनच्या ‘हुजुरात’ या अध्यायात दोन शिकवणी जवळजवळ येतात: कानावर आलेल्या बातमीची आधी शहानिशा करावी आणि फाजील संशयापासून दूर राहावं. ही शिकवण माणसामाणसांतल्या व्यवहारासाठी आहे, वांग्या-मटणासाठी नाही, हे उघड आहे. पण शहानिशा करणं ही एक सवय आहे. ती लागली की घरात, बाजारात, दवाखान्यात सगळीकडे उपयोगी पडते. अंगावर पुरळ आलं तेव्हा दोष कुणाचा हे अंदाजाने ठरवायचं की तपासून, हा प्रश्न त्याच सवयीचा आहे. आणि तपासण्याची एक रीत वैद्यकात सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. तिला पॅच टेस्ट म्हणतात.

पाठीवरची साक्ष

अंगाला खाज सुटण्याची कारणं अनेक. नायटा-गजकर्ण बुरशीने होतं. खरूज किड्याने होते. अंगावर गांधी उठतात आणि काही तासांत मावळतात, त्याची तऱ्हा आणखी वेगळी. या सगळ्यांत एक प्रकार असा आहे, की कातडीला एखादी वस्तू लागते आणि शरीर त्या वस्तूला शत्रू समजून बसतं. त्याला डॉक्टर स्पर्शजन्य ॲलर्जी म्हणतात. या प्रकारात शरीराचा राग सावकाश येतो. वस्तू आज लागली तर पुरळ उद्या-परवा उठतं. पहिल्यांदाच वैर जडत असेल तर एक-दोन आठवडेही जातात. म्हणूनच घरच्यांचा अंदाज चुकतो. खाज सुटली त्या दिवशी काय खाल्लं एवढंच आठवतं. तीन दिवसांपूर्वी काय लावलं होतं, ते कुणाच्या लक्षात नसतं.

पॅच टेस्ट हा उशीर ध्यानात घेऊनच रचलेली आहे. जोसेफ याडासोन या ब्रेसलाउच्या त्वचारोगतज्ज्ञाने १८९५ साली ग्राझ शहरातल्या वैद्यकीय परिषदेत ती मांडली. पाऱ्याच्या औषधाने ज्या रुग्णांच्या अंगावर पुरळ उठलं होतं, त्यांच्या कातडीच्या छोट्याशा भागावर तेच औषध लावून त्याने दोष पाऱ्याचाच आहे हे दाखवून दिलं. त्याच्याही आधी, १८४७ साली, श्टेडेलर नावाच्या शास्त्रज्ञाने टीपकागदाचा तुकडा काजूच्या टरफलातल्या तेलात बुडवून कातडीवर ठेवला होता आणि काय होतं याची नोंद केली होती. कोकणात काजू फोडणाऱ्या बायकांच्या बोटांना हा धडा कागदाशिवायच मिळत आला आहे.

आज ही चाचणी अशी होते. ज्या पदार्थांनी लोकांना बहुधा त्रास होतो त्यांची यादी ठरलेली असते. भारतातल्या तज्ज्ञांनी इथल्या लोकांसाठी ठरवलेल्या मालिकेत वीसच्या आसपास पदार्थ आहेत. त्यांत निकेल, कोबाल्ट, सिमेंटमधलं क्रोमियम, कलपातलं पीपीडी हे रसायन, सुगंधी द्रव्यांचं मिश्रण, रबरातली रसायनं, मलमांत वापरली जाणारी काही औषधं आणि आपल्या बांधावरचं गाजर गवतही आहे. प्रत्येक पदार्थ अगदी अल्प प्रमाणात, बहुतेक व्हॅसलीनमध्ये मिसळून, लहान चकत्यांत भरतात आणि त्या चकत्या चिकटपट्टीने पाठीच्या वरच्या भागावर बसवतात. सुई नाही, रक्त नाही, वेदना नाही. ४८ तास त्या तशाच ठेवायच्या. मग काढून पाहायचं. त्यानंतर पुन्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाहायचं, कारण काही पदार्थ उशिरा बोलतात. ज्या जागी लालसर, उंचावलेला, खाजरा ठिपका उठला, तो पदार्थ संशयित ठरतो. डॉक्टर त्याला एक, दोन किंवा तीन अधिकचिन्हांनी मोजतात.

मोठ्या शहरांत अलीकडे रक्त तपासून ॲलर्जी सांगणाऱ्या लांबलचक याद्या मिळतात. पंचवीस-पन्नास खाद्यपदार्थांची नावं असलेला कागद हाती येतो आणि रुग्ण त्यातलं निम्मं खाणं सोडून बसतो. त्या तपासणीचा उपयोग वेगळ्या जातीच्या ॲलर्जीसाठी आहे. मेंदी, निकेल, सिमेंट किंवा चपलेच्या रबराने उठणारं पुरळ त्या रक्तात दिसत नाही. ते पाठीवरच दिसतं.

पुण्याने धरलेला गुन्हेगार

ही चाचणी परदेशातली कौतुकाची गोष्ट आहे असं कुणी समजू नये. तिचं एक मोठं उदाहरण महाराष्ट्राच्या मातीतलं आहे. १९५०च्या दशकाच्या मध्यात पुण्याच्या परिसरात अमेरिका खंडातून आलेलं एक तण दिसू लागलं. पांढऱ्या बारीक फुलांचं, गाजरासारख्या पानांचं. लोकांनी त्याला गाजर गवत म्हटलं, काँग्रेस गवत म्हटलं. शास्त्रज्ञ त्याला पार्थेनियम म्हणतात. पाहता पाहता ते रस्त्याच्या कडेला, पडीक रानात, रेल्वेमार्गाच्या बाजूने सगळीकडे पसरलं. आज धाराशिव जिल्ह्यात सोयाबीन-तुरीच्या बांधावर ते नाही असं शिवार शोधावं लागेल.

त्याच काळात दवाखान्यांत वेगळे रुग्ण येऊ लागले. बहुतेक पुरुष, बहुतेक उघड्यावर काम करणारे. चेहरा, मान, पापण्या, कोपराचा खळगा, गुडघ्यामागची घडी काळवंडलेली, जाड झालेली, रात्रंदिवस खाजणारी. उन्हाने होतं असं वाटायचं, कारण उघड्या अंगालाच व्हायचं. पण उन्हाने होणाऱ्या विकारात पापण्यांचा वरचा भाग, कानामागची जागा, हनुवटीखालची सावली बहुधा सुटते. इथे तीही सुटत नव्हती. काहीतरी हवेतून येऊन बसत होतं. पुण्याचे डॉ. लोणकर यांनी १९६०च्या दशकात या तणाकडे बोट दाखवलं आणि १९७४ साली त्यांनी मिशेल आणि कालनन या परदेशी तज्ज्ञांसोबत या विकारावरचा सविस्तर लेख प्रसिद्ध केला. रुग्णांच्या कातडीवर तणाचा अर्क लावला की पुरळ उठत होतं. तणातलं पार्थेनिन नावाचं द्रव्य यामागे असल्याचं स्पष्ट झालं. जगभरच्या त्वचारोगाच्या पुस्तकांत पार्थेनियमच्या प्रकरणात पुण्याचं नाव येतं, ते यामुळे.

या शोधाने काय साधलं? ज्याला रोगाचं नाव कळलं त्याला वाट मिळाली. तण फुलायच्या आत उपटायचं, ते हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून उपटायचं, वाळलेलं पेटवायचं नाही, शेतातून आल्यावर हात-तोंड धुवायचं, कपडे तणाजवळ वाळत घालायचे नाहीत. काहींना काम बदलावं लागलं, काहींना गाव. पण मटण आणि वांगं सोडून काहीच होणार नव्हतं, एवढं तरी नक्की झालं. पुढे कर्नाटकाने १९७५ साली हे तण उपद्रवी म्हणून जाहीर केलं आणि १९८०च्या दशकात बंगळुरूत ते खाणारा मेक्सिकन भुंगा आणून सोडला गेला. एका माणसाच्या पाठीवर मिळालेल्या साक्षीतून आरोग्याचा प्रश्न शेतीपर्यंत आणि सरकारपर्यंत जातो, तो असा.

बिब्ब्यापासून कोनापर्यंत

मराठीला या आजाराची ओळख जुनी आहे. चांगल्या कामात कुणी खोडा घातला की त्याने बिब्बा घातला असं म्हणतात. बिब्बा उतणं हा शब्दप्रयोग मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना समजावून सांगावा लागत नाही. टाचेच्या भेगेला, रुतलेल्या काट्याला बिब्ब्याचा चटका देणाऱ्यांपैकी काहींच्या अंगावर तो असा उतायचा की महिना महिना जायचा. धोबी कपड्यांवर खूण करायला याच फळाचं तेल वापरत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना मानेवर आणि कमरेवर पुरळ उठू लागलं, तेव्हा डॉक्टरांनी माग काढला आणि तो धोब्याच्या खुणेपाशी जाऊन थांबला. १९४३ साली ती हकीकत अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले. म्हणून आंब्याच्या चिकाने कुणाच्या ओठांभोवती फोड येतात ते बिनकारणाचं नसतं.

आता बिब्बा मागे पडला आणि त्याची जागा घेणाऱ्या वस्तू कितीतरी झाल्या. रमजान-ईदच्या निमित्ताने त्यांतल्या एका वस्तूकडे नीट पाहायला हवं. ती म्हणजे काळी मेंदी.

खऱ्या मेंदीचा पाला वाटून लावला तर रंग चढायला तास-दोन तास नव्हे, रात्र लागते. आधी नारिंगी दिसतो, दुसऱ्या दिवशी गडद होत तांबूस-विटकरी होतो. शुद्ध मेंदीने ॲलर्जी होणं दुर्मीळ आहे. पण बाजाराला घाई असते आणि चाँदरातीला तर फारच. अर्ध्या तासात काळाभोर रंग देणारे कोन आले. काळा रंग मेंदीच्या पाल्यात नसतोच. तो बहुधा पीपीडी या रसायनाचा असतो, जे केसांच्या कलपात वापरतात. केसांसाठी त्याचं प्रमाण ठरवलेलं आहे. थेट कातडीवर लावायला युरोप-अमेरिकेत त्याला परवानगी नाही. कोनात ते किती आहे, हे कोन विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, कारण पुष्कळ कोनांवर घटकांची यादी नसतेच.

हा प्रश्न एका ईदच्या खाजेवर संपत नाही. पीपीडीशी शरीराचं एकदा वैर जडलं की ते बहुधा जन्मभर राहतं. दहा वर्षांच्या मुलीच्या हातावर हौसेने काढलेली काळी वेल तिला चाळिशीत नडते, जेव्हा ती पांढऱ्या केसांना कलप लावते आणि तिचा चेहरा सुजतो. काहींना त्यानंतर गडद रंगाच्या काही कपड्यांचा, बधिर करणाऱ्या काही मलमांचाही त्रास होतो. मुलीला हौस नाकारायची, असा याचा अर्थ नाही. पाला वाटून किंवा खात्रीची पूड भिजवून मेंदी लावावी. रंग फिका आला तर आला.

कलपाच्या बाबतीत तर कायद्यानेच चाचणी सांगितली आहे. पीपीडी असलेल्या कलपाच्या पाकिटावर सावधगिरीची सूचना इंग्रजीत आणि स्थानिक भाषांत छापणं भारतात बंधनकारक आहे. वापरण्याआधी कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडा लावून पाहावा, एक दिवस थांबावं आणि भुवया-पापण्यांना तो मुळीच लावू नये, असं त्या सूचनेचं म्हणणं. पाकीट फोडताना तो कागद सर्वांत आधी कचऱ्यात जातो.

वस्तूंना धर्म नसतो आणि कातडीलाही नसतो. तुळजापूरला जाऊन आलेल्या बाईच्या कपाळावर चट्टा उठला तर तो कुंकवात मिसळलेल्या रंगाचा असू शकतो. टिकलीखालची जागा खाजून पांढरी पडली तर दोष टिकलीच्या मागच्या डिंकातल्या रसायनाचा असू शकतो. मंगळसूत्राच्या खोट्या वाट्या, स्कार्फच्या पिना, पँटचं बटण, घड्याळाचा पट्टा यांत निकेल असतं. अत्तरात आणि पावडरीत सुगंधी द्रव्यं असतात. रबरी चपलेचा पट्टा पायावर आपलाच आकार काढतो. गवंड्याच्या हाताला पडणाऱ्या भेगा पुष्कळदा कष्टाच्या नसतात, सिमेंटमधल्या क्रोमियमच्या असतात. डेन्मार्कने १९८३ साली सिमेंटमध्ये लोहाचा क्षार मिसळून हा दोष कमी करायला लावलं आणि २००५ पासून सगळ्या युरोपीय संघात त्यावर मर्यादा आली. तिथे हे घडलं, कारण गवंड्यांच्या पाठीवरच्या ठिपक्यांची नोंद कुणीतरी ठेवली होती.

आणि एक संशयित असा आहे की ज्याच्यावर कुणाचा संशय जात नाही. तो म्हणजे मलम. खाज सुटली की औषधाच्या दुकानातून नळी आणायची ही पद्धत गावोगावी आहे. त्या नळीत बहुधा तगडं स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि निओमायसिनसारखं प्रतिजैविक एकत्र असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग दुप्पट येतं. निओमायसिन आणि जखमेला लावायचं पिवळं मलम हे स्वतःच ॲलर्जीच्या यादीत आहेत. म्हणजे आगीवर ओतलेलं पाणीच रॉकेल निघतं. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडांची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तो नियम गावातल्या काउंटरपर्यंत किती पोचला, हे प्रत्येकाने आपल्या घरातल्या नळ्या मोजून पाहावं.

रोजा, वजू आणि तीन फेऱ्या

पॅच टेस्ट करायला सांगितलं की रमजानमध्ये दोन शंका निघतात. पहिली, रोजा तुटेल का? कातडीवर लावलेल्या मलमाने, तेलाने किंवा पट्टीने रोजा तुटत नाही, असं उलेमा सांगतात. या चाचणीत तोंडावाटे किंवा सुईवाटे काहीच आत जात नाही. दुसरी शंका पाण्याची. पाठ ४८ तास आणि शेवटची पाहणी होईपर्यंत भिजवायची नसते, नाहीतर चकत्या सुटतात, खुणा पुसतात. वजूमध्ये तोंड, कोपरापर्यंतचे हात आणि पाय धुतात, डोक्यावरून ओला हात फिरवतात. पाठीचा संबंध येत नाही. पुष्कळ ठिकाणी सोमवारी चकत्या लावतात, बुधवारी काढतात आणि गुरुवारी किंवा शुक्रवारी शेवटचं पाहतात. ते झाल्यावर आंघोळीला मोकळीक. मधल्या दिवसांत गुस्ल आवश्यक झालं तर काय करावं, हे आधीच आपल्या मौलानांना विचारून ठेवलेलं बरं. घाम फार येत असेल, अंगावर पुरळ भडकलेलं असेल, पोटातून स्टेरॉइड चालू असेल किंवा बाई गरोदर असेल, तर डॉक्टर स्वतःच चाचणी पुढे ढकलतात. पाठीला स्टेरॉइडचं मलम लावलेलं असेल तर ते आठवडाभर आधी बंद करायला सांगतात. या महिन्यात जमलं नाही तर ईदनंतर करावी. ‘ईदनंतर’ म्हणजे पुढच्या ईदनंतर होऊ नये, एवढं पाहावं.

ज्यांच्या हातांना आधीच भेगा आहेत, त्यांना दिवसातून पाच वेळा आणि तरावीहला पाणी लागतं. त्यात भांडी आणि कपडे असतातच. इथे ॲलर्जी नसतानाही कातडी कोरडी पडून फाटते. वजूला साबण लागत नाही. हात टिपून लगेच साधं व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावलं तर पुष्कळांचा निम्मा त्रास जातो. त्यानेही गेला नाही तर मात्र तपास हवा.

खरी अडचण धर्माची नाही, अंतराची आणि मजुरीची आहे. जळकोटच्या माणसाला त्वचारोगतज्ज्ञ गाठायला सोलापूर किंवा लातूर पाहावं लागतं. पॅच टेस्ट म्हणजे एका आठवड्यात तीन फेऱ्या. रोजंदारीवरच्या गवंड्याचे तीन दिवस बुडतात, एसटीचं भाडं वेगळं. शिवाय चाचणी सगळ्याच दवाखान्यांत होत नाही. म्हणून तो नळी विकत घेतो. त्याला अडाणी म्हणणं सोपं आहे. पण हिशेब त्याने चुकीचा केलेला नाही. त्याच्यासमोर एवढाच हिशेब ठेवला गेला आहे. वर्षभराच्या नळ्या, बुडालेले दिवस, शेवटी सोडावं लागलेलं काम हे सगळं एका पानावर मांडलं, तर तीन फेऱ्या स्वस्त ठरतात. ते पान त्याच्यासमोर कुणी मांडत नाही.

हा प्रश्न सरकारी यंत्रणेने थोडा सोपा करता येण्यासारखा आहे. चकत्या एकदा मोठ्या रुग्णालयात लावल्या की त्या काढण्याचं आणि पाठीचा स्पष्ट फोटो काढून त्वचारोगतज्ज्ञाला पाठवण्याचं काम तालुक्याच्या रुग्णालयातला डॉक्टर करू शकतो. ठिपका बोटाने चाचपून पाहावा लागतो, म्हणून शेवटच्या पाहणीला तज्ज्ञाकडे जावं. तरीही तीनाच्या दोन फेऱ्या होतील. जिल्हा रुग्णालयात ठरावीक वारी ही चाचणी ठेवली आणि त्याची पाटी बाहेर लावली, तरी लोक येतील. आरोग्य शिबिरं रमजानमध्येही होतात, नवरात्रातही होतात. रक्तदाब आणि साखर तपासणाऱ्या टेबलाशेजारी त्वचेच्या डॉक्टरांचं एक टेबल मांडायला मोठा खर्च येत नाही. नगरसेवक, सरपंच, मशिदीची कमिटी, देवस्थानचे विश्वस्त यांपैकी कुणीही हे करू शकतं.

साक्षीलाही उलटतपासणी हवी

पॅच टेस्ट म्हणजे देववाणी नव्हे. कधी कधी ज्याचा त्रास होतो तो पदार्थ यादीतच नसतो आणि पाठ कोरी राहते. कधी निकेलचा ठिपका उठतो, पण आजच्या पुरळाशी त्याचा संबंध नसतो. ते वैर वीस वर्षांपूर्वीच्या झुमक्यांचं असतं. म्हणून चांगला डॉक्टर ठिपका पाहून थांबत नाही. काम काय करता, घरी काय वापरता, सुट्टीत बरं वाटतं का, असं विचारत बसतो. साक्ष आणि प्रसंग जुळले तरच निकाल. ही सावधगिरी पाहून काही लोक म्हणतात की मग आमचा अंदाज काय वाईट? फरक असा, की अंदाज चुकला तर तो चुकला हे कधीच कळत नाही. चाचणी चुकली तर ती पुन्हा करता येते.

घरच्या घरी मात्र हा प्रयोग करू नये. सिमेंट, लसूण, बिब्बा किंवा फिनेल कातडीवर बांधून ठेवलं तर ते कुणालाही भाजेल. तो फोड ॲलर्जीचा पुरावा नसतो. पदार्थ किती पातळ करायचा, हीच तर या चाचणीची विद्या आहे.

दवाखान्यात जाताना एक पिशवी न्यावी. त्यात वापरात असलेला साबण, तेल, मेंदीचा कोन, कलपाचं रिकामं पाकीट, अत्तराची बाटली, टिकल्यांचं पान, कुंकवाची पुडी, हातमोजे, जुनी चप्पल आणि आजवर लावलेल्या सगळ्या नळ्या असाव्यात. पुरळ कधी उठलं आणि त्याआधीच्या दोन आठवड्यांत काय लावलं, एवढं कागदावर लिहून न्यावं. यादीत नसलेला गुन्हेगार पुष्कळदा याच पिशवीत सापडतो. त्याचं नाव कळलं की डॉक्टरांकडून ते मराठीत आणि इंग्रजीत लिहून घ्यावं आणि यापुढे पाकीट विकत घेण्याआधी मागची बारीक अक्षरं वाचून पाहावीत.

ज्या वस्तूचा दोष ठरेल ती सोडावी. ज्यांच्यावर उगाच आळ होता, ते मटण, अंडी आणि बिचारं वांगं डॉक्टरांना विचारून पुन्हा ताटात येऊ द्यावं.